ग्रंथालयात रात्र कशी आली

परीक्षेच्या दिवसांत अमरावतीत किंवा अकोल्यात रात्री उशिरा फेरी मारली, तर बाजारपेठ मिटलेली दिसते, पण अभ्यासिकांच्या दारांशी सायकली आणि दुचाक्या ओळीने उभ्या असतात. आत पंखे फिरत असतात, खुर्च्या भरलेल्या असतात आणि बोलणे कोणाचेच ऐकू येत नाही. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तापल्या पत्र्याखाली दुपारचा अभ्यास ज्याने केला आहे, त्यालाच रात्रीची किंमत ठाऊक. हे दृश्य आता इतके सवयीचे झाले आहे की, ग्रंथालयाचे दार रात्री उघडे राहणे ही जगाच्या इतिहासात फार अलीकडची गोष्ट आहे, याचा आपणांस विसर पडतो.

पुस्तक आणि दिवा यांचे पूर्वी वैर होते. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात वाचकाला प्रवेश हवा असेल, तर आपण आत विस्तव आणणार नाही व ज्योत पेटवणार नाही, असे वचन द्यावे लागे. ती प्रथा अद्याप मोडलेली नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आगीच्या भयाने गॅसचे दिवे लावीत नसत. दाट धुके पडले की भरदिवसा वाचकांना उठावे लागे. १८७९ साली तेथे विजेचे दिवे आले, तेव्हा कोठे हिवाळ्यातल्या संध्याकाळी वाचणे शक्य झाले.

पॅरिसने मात्र चाळीस वर्षे आधीच धीर केला होता. संत जेनेव्हिएव्ह यांच्या मठाचा प्राचीन ग्रंथसंग्रह फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरकारजमा झाला होता. मठाचा परिसर म्हणजे विद्यार्थ्यांची वस्ती. १८३८ साली हे ग्रंथालय त्यांच्यासाठी संध्याकाळीही उघडे ठेवण्यात आले. पुढे १८५१ साली वास्तुशिल्पी लाब्रूस्त यांनी बांधलेली नवी इमारत खुली झाली, तीच मुळी गॅसचे दिवे गृहीत धरून उभारलेली होती. तिच्या प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांना दगडात दिवे कोरले आहेत. मठातले साधू पहाटेच्या प्रार्थनेला ज्या ज्योतीच्या उजेडात उठत, तिची आठवण आम्हांला त्या दिव्यांवरून होते. वास्तुशिल्पीच्या मनात तसे काही होते की नाही, तो भाग वेगळा.

वऱ्हाडची कहाणी निराळी. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले ते १९२३ साली. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढली साठ वर्षे वऱ्हाडातल्या मुलाचे विद्यापीठ नागपुरास राहिले. विद्यापीठाचे ग्रंथालय त्याच्या लेखी दीडशे किलोमीटरांवर होते. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या संस्थांनी गावाला वाचनाची गोडी लावली खरी, पण रात्रभर बसून अभ्यास करण्याची जागा त्या नव्हेत.

ती जागा वसतिगृहाने दिली. पापळ गावच्या शेतकऱ्याचे पुत्र, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९२७ साली अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. वसतिगृह म्हणजे जेवणाची व झोपण्याची सोय, एवढेच आपण समजतो. परंतु एका खोलीच्या घरात रॉकेलची चिमणी सर्वांची एक असते आणि ती केव्हा मालवायची, हे अभ्यास करणारा मुलगा ठरवीत नाही. त्या मुलाच्या हाती वसतिगृहात प्रथमच स्वतःची रात्र आली.

त्याच १९२७च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत वडील त्यांना लवकर निजवीत आणि घर शांत असताना, रात्री दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत. पुढे लंडनच्या ज्या वाचनालयात धुके पडले की वाचकांना घालवून देत, तेथेच ते दार बंद होईपर्यंत वाचत बसले.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. पुस्तके वापरासाठी आहेत, हा पहिला. ग्रंथालयाची वेळ वाचकाच्या सवडीने ठरावी, कर्मचाऱ्यांच्या नव्हे, हे त्यातूनच निघते. आमच्याकडे हा नियम पुष्कळ ठिकाणी भिंतीवर राहिला आणि दार कचेरीच्या वेळेला बंद होत गेले.

अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले. त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. अमरावती विद्यापीठ १९८३ साली आले आणि २००५ पासून ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. ज्यांना स्वतःला शाळा लाभली नाही, ते बाबा कीर्तनात लोकांना पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवा म्हणून विनवीत.

आजच्या रात्रीविषयी एक शंका मात्र आमच्या मनातून जात नाही. अभ्यासिकेत बसलेला विद्यार्थी बहुधा स्वतःचीच पुस्तके घेऊन आलेला असतो: स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक, प्रश्नसंच, टिपणवह्या. ग्रंथांची कपाटे त्या वेळी कुलूपबंद असतात. त्याला हवे आहेत खुर्ची, उजेड आणि शांतता, आणि यांपैकी एकही मागणी गैर नाही. पण पॅरिसचे दार उघडले होते ते कपाटांसह. रात्री पुस्तक काढून द्यायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, आणि नेमके तेथेच गाडे अडते.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. नऊ वाजत आले की त्यांच्या बाजूच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होऊ लागतात. धडा अर्धाच राहिलेला असतो, पण बाहेर भाऊ किंवा वडील गाडी सुरू ठेवून उभे असतात. ती वही मिटते, उरलेली पाने घरी वाचू म्हणते. आणि घरी बहुधा दूरदर्शन संच चालू असतो.