चाळिशीतला फोन

इतिहास नेहमी साहेबांचा लिहिला जातो, कारकुनांचा नाही. मी स्वतः बी. कॉम. होऊन बँकेच्या काउंटरवर बसलेला कारकून असल्यामुळं हे दुःख मला आतून ठाऊक आहे. मोबाइल फोनांच्या इतिहासातही हाच पंक्तिप्रपंच! आधी साधे फोन होते, मग २००७ साली आयफोन आला, संपली कहाणी. मधल्या काळात ज्यांनी जगाचा संसार रेटला, त्या मध्यमवर्गीय फोनांना कुणी विचारत नाही.

या मध्यमवर्गाच्या पोटात नोकिया कंपनीचं एक सॉफ्टवेअर असे. नाव काय, तर सिरीज ४०. (बारसं करणारा आमच्या हेड ऑफिसातून गेलेला असावा.) १९९९ च्या नोकिया ७११० मध्ये ते पहिल्यांदा दिसलं, पडदा एकरंगी, ९६ ठिपके रुंद आणि ६५ उंच. त्याच्या खालच्या पायरीवर सिरीज ३०, म्हणजे शिपाई. वरच्या पायरीवर सिम्बियनवर चालणारी सिरीज ६०, म्हणजे ऑफिसर. आमच्या मॅनेजरसाहेबांकडे सिरीज ६० मधला ६६०० होता. नव्या साबणाच्या वडीएवढा जाड. तो ते टेबलावर ठेवत तेव्हा आम्ही उगाचच उभे राहत असू.

मी २००७ साली पतपेढीचं कर्ज काढून ६३०० घेतला, तो आमच्याच ग्रेडचा. स्वभावही आमचाच. त्यात जावा होतं. जावावाल्यांची प्रतिज्ञा अशी, की प्रोग्रॅम एकदा लिहा आणि कुठंही चालवा. प्रत्यक्षात प्रत्येक फोनचा पडदा निराळा, बटणं निराळी. त्यामुळं एका फोनवर धावणारी मोटार शेजारच्या फोनवर अर्धी पडद्याबाहेर. अनोळखी प्रोग्रॅमनं इंटरनेट मागितलं की फोन विचारी, "परवानगी द्यायची?" हो म्हणावं, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच. शिवाय हातातला गेम बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. हाडाचा कारकून! आणि काम किती केलं म्हणाल, तर जानेवारी २०१२ मध्ये नोकियानं जाहीर केलं की सिरीज ४० चे दीड अब्ज फोन विकले गेले. म्हणजे दीडशे कोटी. शून्यं मी दोनदा तपासली आहेत.

पण या कारकुनानं मातीत पाय घातले ते आपल्या महाराष्ट्रात. २००८ च्या अखेरीस नोकियानं 'लाइफ टूल्स' नावाच्या सेवेची चाचणी इथंच घेतली आणि २००९ मध्ये ती २३२३ आणि २३३० या स्वस्त फोनांवर विकायला काढली. शेतकऱ्याला हवामान आणि पिकाचा सल्ला तीस रुपये महिना. साठ रुपये भरले तर तीन पिकांचे बाजारभावही. सगळं मराठीत, आणि येणार एसेमेसनं. इंटरनेटची गरज नाही.

नारायणगावच्या माझ्या मामांनी लगेच २३३० घेतला. त्या दिवसापासून चारकोपात राहून मला कांद्याचा घाऊक भाव रोज कळू लागला. मामा स्वतः टाइप करून पाठवत. तो भाव घेऊन मी कांदिवली स्टेशनबाहेर भाजीवाल्याशी हुज्जत घालायला गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, मग क्विंटलभर घ्या!" सौ. तेव्हापासून भाजीला एकटीच जाते.

इथं एसेमेसचा हिशेब सांगायला हवा. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजात १६० घरं मिळतात. देवनागरी लिहिलं की फक्त ७०. त्यात काना एक घर, अनुस्वार एक घर. नुसत्या 'श्री'ला चार! आणि मामा जुन्या वळणाचे. "॥ श्री ॥ चि. बंडूस अनेक उत्तम आशीर्वाद" एवढ्यात अडतीस घरं खलास. दुसऱ्या मेसेजचे पैसे भरायला ते तयार नसत. सत्तर झाले की लेखणी खाली.

२०१० साली एकदा त्यांचा मेसेज आला. मी ट्रेनमध्ये लोंबकळत होतो. एका हातानं इंग्रजी अक्षरांत उत्तर ठोकलं, "हो, विचारा." आठवड्यानं कांद्याची गोणी आली. त्यानंतर मामांचे भाव बंद झाले, कांदाही पुन्हा आला नाही. मला वाटलं, पीक गेलं असेल. ते २०१६ साली वारले.

तोवर सिरीज ४० चंही आटोपलं होतं. २०१४ साली नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच जुलैत नव्या मालकानं तिला निवृत्तीच्या वाटेला लावलं. २०१८ च्या ३१ डिसेंबरला तिच्यावरचं व्हॉट्सॲपही थांबलं.

परवा माळा साफ करताना ६३०० सापडला. बॅटरी पुरणपोळीसारखी फुगलेली. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या पोरानं दुसरी घातली, "अंकल, याचं काय करणार?" असं विचारत. पडद्यावर ते दोन हात एकमेकांकडे आले आणि फोन सुरू झाला. मी चाळिशी लावली. मामांचा मेसेज होता तसाच होता:

"॥ श्री ॥ चि. बंडूस अनेक उत्तम आशीर्वाद. कांदा गोणी पाठवली. भाव विचारू"

तेव्हा मी समजलो होतो, मामा विचारताहेत की बाजारात भाव विचारू का. आता काउंटरला टेकून बोटांवर मोजलं. एकोणसत्तर. एकच घर शिल्लक. 'नये' त्यात मावत नव्हतं.

पोरगा म्हणाला, "अंकल, दीडशे रुपये झाले." मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.