वृकमानवांच्या कथा आणि क्षमा

अपराध घडल्यावर क्षमा कोणी करावी, केव्हा करावी आणि कशाच्या बदल्यात करावी, हा प्रश्न नीतिशास्त्राप्रमाणेच कथावाङ्मयानेही वारंवार हाताळला आहे. गंभीर ग्रंथांत त्याची चर्चा शोधावी हे साहजिकच होय. परंतु ज्या वाङ्मयाकडे विद्वान मंडळी नाक मुरडून पाहतात, त्यात तोच प्रश्न कधी कधी अधिक उघडा होऊन पुढे येतो. इंग्रजी भाषेत, विशेषतः अमेरिकेत, गेल्या पंचवीस वर्षांत एका विशिष्ट प्रकारच्या प्रणयकादंबऱ्यांचे उदंड पीक आले आहे. त्यांतील नायक दिसावयास माणूस, पण प्रसंगी लांडग्याचे रूप घेणारा असतो. अशा पात्रांस आपण येथे वृकमानव म्हणू. ह्यांपैकी पुष्कळ कथांचा सांगाडा एकच आहे. कळपातील सर्वांत दुबळी म्हणून हिणवली गेलेली एक मुलगी असते. तिला छळणाऱ्यांत अग्रेसर असतो तो म्होरक्याचा मुलगा. ती वयात येताच उभयतांस कळते की दैवाने नेमकी त्यांचीच जोडी बांधली आहे. तो तिला चारचौघांत झिडकारतो, मागाहून पस्तावतो, आणि शेवटी ती त्याला क्षमा करते. ही क्षमा कितपत खरी, हे ठरवावयाचे तर ह्या कथांचे पूर्ववृत्त पाहिले पाहिजे.

प्राचीनांच्या दृष्टीने लांडगा होणे ही शिक्षा होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी ऑव्हिड याच्या काव्यात लायकेऑन नावाचा क्रूर राजा देवाची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्यापुढे नरमांस वाढतो आणि त्या पापाबद्दल लांडगा होतो. तेथे क्षमेचा प्रश्नच उद्भवत नाही. रूप पालटले ते अंतःकरणास साजेसेच पालटले, एवढाच त्या कथेचा इत्यर्थ.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारी द फ्रान्स ह्या कवयित्रीने ही दृष्टी पार उलटी केली. तिच्या ‘बिस्क्लाव्रे’ ह्या कथाकाव्यातील ब्रिटनी प्रांताचा सरदार सज्जन आहे. तो आठवड्यातून तीन दिवस लांडगा होतो, इतकेच. पत्नीच्या आग्रहास्तव तो आपले गुपित सांगतो आणि काढलेली वस्त्रे कोठे लपवतो तेही सांगून टाकतो. कारण त्या वस्त्रांवाचून त्याला पुन्हा माणूस होता येत नाही. पत्नी आपल्यावर अनुरक्त असलेल्या एका सरदाराकरवी ती वस्त्रे चोरविते आणि त्याच्याशी लग्न लावते. पुढे राजा शिकारीस गेला असता हा लांडगा त्याच्या पायाशी येऊन शरण जातो आणि दरबारात पाळलेल्या कुत्र्यासारखा राहतो. मात्र पत्नी दृष्टीस पडताच तो तिच्यावर झडप घालून तिचे नाक तोडतो. राजाचा शहाणा सल्लागार ह्यात काही गूढ आहे हे ओळखतो. तिचे हालहाल केल्यावर ती कबुली देते आणि वस्त्रे आणविली जातात. सरदारास त्याचे रूप व त्याची जहागीर दोन्ही परत मिळतात. पत्नीच्या वाट्यास हद्दपारी येते. क्षमेचा शब्द कोणाच्याही तोंडून निघत नाही.

इसवी सन 1200 च्या सुमारास योलांद नावाच्या एका सरदारपत्नीच्या इच्छेवरून रचलेल्या ‘गिय्योम द पालेर्म’ ह्या फ्रेंच काव्यातील चित्र निराळे आहे. स्पेनचा राजपुत्र आल्फॉन्स ह्याला त्याच्या सावत्र आईने स्वतःच्या मुलास गादी मिळावी म्हणून मंत्रतंत्राने लांडगा करून सोडले आहे. हा लांडगा कोणाचा सूड घेत हिंडत नाही. उलट गिय्योम ह्या राजबालकाला चुलत्याच्या कपटातून उचलून नेऊन वाचवितो आणि पुढे त्या तरुणाचे व त्याच्या प्रेयसीचे संकटात रक्षण करितो. शेवटी सावत्र आईस त्याच्यासमोर आणले जाते, तेव्हा तो संतापाने तिच्यावर धावून जातो. गिय्योमला त्याची समजूत घालावी लागते. ती दयेची याचना करिते, अपराध कबूल करिते, आणि आपल्याच हाताने अंगठी व मंत्र यांच्या साह्याने त्याला माणूस करिते. मग तिला क्षमा मिळते.

ह्या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. दोहोंतही अपराध एकच, दुसऱ्याचे माणूसपण हिरावून घेणे. पहिलीत ते माणूसपण अपराध्याकडून हाल करून वसूल केले गेले. म्हणून तेथे न्याय झाला, पण क्षमा झाली नाही. दुसरीत ज्या हाताने ते काढून घेतले त्याच हाताने ते परत दिले. म्हणून क्षमेस जागा मिळाली. शिवाय त्या क्षमेपूर्वी कवीने छळ सोसणाऱ्याचा राग लपविला नाही. ज्याला रागावता येत नाही, त्याच्या क्षमेस किंमत ती काय?

आता पुन्हा आजच्या कादंबऱ्यांकडे वळू. त्यांत छळाला एक नवीन कारण सापडले आहे, ते म्हणजे निसर्ग. कळपात एक ‘आल्फा’ म्हणजे म्होरक्या असावयाचा आणि दुबळ्यांनी त्याच्यापुढे मान तुकवावयाची, हा जणू सृष्टीचाच नियम! ही कल्पना आली कोठून? रूडॉल्फ शेंकेल ह्या स्विस संशोधकाने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून 1947 साली एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या 1970 सालच्या लांडग्यांवरील ग्रंथाने ही कल्पना सर्वतोमुखी केली. पुढे रानातील लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर मेक यांनीच 1999 साली लिहिले की रानातला कळप बहुधा एक कुटुंब असतो, आणि त्याचे म्होरके म्हणजे पिल्लांचे आईबाप असतात. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपले जुने पुस्तक छापणे बंद करावे म्हणून प्रकाशकांकडे लकडा लाविला, आणि 2022 साली ते बंदही झाले. आपली चूक आपणच निस्तरण्याचे हे उदाहरण मूळ विषयाशी किती जुळते, हे सांगावयास नको. कादंबरीकारांनी मात्र कोंडवाड्यातील लांडगा नायक केला आणि त्याच्या दांडगाईस निसर्गाची सनद देऊन टाकली.

निसर्गाच्या जोडीला दैव आले. जोडी विधिलिखित ठरली की क्षमाही विधिलिखितच होते. नायकाने कितीही लोटांगणे घातली तरी नायिकेच्या ‘नाही’ ह्या उत्तराची शक्यता कथेत मुळी ठेवलेलीच नसते. ह्या जातीच्या सर्वच पुस्तकांना हा दोष लावणे मात्र अन्यायाचे होईल. केली आर्मस्ट्राँग ह्या कॅनेडियन लेखिकेच्या ‘बिटन’ (2001) ह्या कादंबरीत प्रियकराने एलेनाच्या संमतीवाचून चावा घेऊन तिला वृकमानव केलेले आहे. ती त्याच्यावर प्रेम करिते आणि वर्षानुवर्षे त्याला क्षमा करीत नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच अंतःकरणात नांदतात, हे लेखिकेने प्रामाणिकपणे दाखविले आहे. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या ‘क्राय वुल्फ’ (2008) मधील ॲना शिकागोच्या कळपात छळ सोसून आलेली आहे. तिची जखम भरून येते ती छळणाऱ्यांशी समेट करून नव्हे, तर तेथून दूर माँटानात, विश्वासाचे एकेक पाऊल टाकीत.

मग इतर कादंबऱ्यांचा तो ठराविक शेवट वाचकांना इतका गोड का वाटावा? आमच्या मते त्याचे कारण उथळ नाही. ज्याने आपल्याला तुच्छ लेखले त्यालाच एक दिवस आपली योग्यता कळावी, ही छळ सोसलेल्या प्रत्येकाची आर्त इच्छा असते. कथा ती पुरी करिते. तिला हसणे सोपे आहे. पण शाळेत ज्याची वही फाडली गेली किंवा ज्याचे व्यंग हसण्यावारी नेले गेले, तो तिला हसणार नाही. आमचे भांडण त्या इच्छेशी नाही. छळ हे प्रेमाचेच वेडेवाकडे रूप होय, हे जे ह्या कथा नकळत शिकवून जातात, त्याच्याशी आहे.

हा धडा आपल्या घरांस परका नाही. मुलीने एखाद्या मुलाच्या त्रासाबद्दल तक्रार केली की “तू आवडत असशील त्याला” असे हसून म्हणणारी वडीलधारी माणसे आपण पाहिली आहेत. भावाभावांतील जुलूम “झाले गेले विसरून जा” म्हणून मिटविणारेही पाहिले आहेत. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिरास प्रल्हादाचे वचन ऐकविते, ते असे की सदासर्वदा तेज बरे नव्हे आणि सदासर्वदा क्षमाही बरी नव्हे. तिला हे बोलण्याचा अधिकार होता. भरसभेत वस्त्रास हात घातला गेला तो तिच्याच.

क्षमा हे दान आहे, आणि दान मागून मिळते, हक्काने नव्हे. म्हणून कोणास क्षमा करावयास सांगण्यापूर्वी मध्यस्थाने त्या जुन्या कथांतला एक साधा प्रश्न विचारावा: चोरलेली वस्त्रे परत आली काय, आणि ती कोणी आणून दिली?