मरणाचा सांगावा
आपल्या नगर जिल्ह्यात मरणाचा सांगावा परगावी नेणे हे वतनदार महाराचे काम होते. मरण सर्वांना सारखे म्हणणाऱ्या गावाने त्याची मसणवट मात्र वेगळीच ठेवली.

युरोपात हा सांगावा छापील चित्रांनी नेला. होल्बाइनची ४१ मृत्युचित्रे १५३८ मध्ये लियाँला प्रसिद्ध झाली. त्यांत सांगाडा पोपला, सम्राटाला नेतो. लाचखाऊ न्यायाधीशालाही सोडत नाही. थकलेल्या शेतकऱ्याची नांगराची घोडी मात्र तो स्वतः हाकतो. मला हेच चित्र सर्वांत खरे वाटते.

पण लाकडावर ही चित्रे कोरली कोणी? हान्स ल्युट्झेलबुर्गर या कारागिराने. पुस्तक निघण्याच्या बारा वर्षे आधी, १५२६ मध्येच तो वारला. पुस्तकावर त्याचे नाव नाही. डचेसच्या चित्रात, तिच्या पलंगावर, त्याची दोन आद्याक्षरे तेवढी आहेत.