नरनाळा

नरनाळा हा अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील सातपुड्याच्या रांगेतला मध्ययुगीन गिरिदुर्ग आहे. अकोट शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर तो वसला आहे. पायथ्याचे गाव शहानूर. किल्ल्याचे तीन भाग मानले जातात: मध्यभागी मुख्य नरनाळा, पूर्वेस जाफराबाद आणि पश्चिमेस तेलियागड. एकेकाळी वाडे, मशिदी, तलाव आणि गजशाळा असलेली ही डोंगरमाथ्यावरची नांदती वस्ती आज निर्मनुष्य असून व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात उभी आहे.

इतिहास

किल्ल्याचे नाव नरनाळसिंह नावाच्या राजपूत राजावरून पडले, अशी परंपरागत समजूत आहे. बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ ते १४२८ या काळात एलिचपूर (आजचे अचलपूर) येथे मुक्काम असताना गाविलगड बांधला व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. बांधणी एकाची आणि दुरुस्ती दुसऱ्याची, या उल्लेखावरून नरनाळा त्यापूर्वीपासून अस्तित्वात होता, हे उघड होते.

बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क १४९० मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या इमादशाहीत गाविलगड आणि नरनाळा हे वऱ्हाडच्या रक्षणाचे दोन आधारस्तंभ होते. पुढे तुफालखान या सरदाराने अल्पवयीन बुऱ्हाण इमादशहास नरनाळ्यावरच कैदेत ठेवून सत्ता बळकावली. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकले, तेव्हा इमादशाहीचा शेवटही याच किल्ल्याच्या पाडावाने झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला मोगलांकडे गेला. ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये नरनाळा सरकाराची नोंद आहे. किल्ला केवळ लष्करी ठाणे नसून महसुली कारभाराचेही केंद्र होता, असे त्यावरून दिसते.

अठराव्या शतकात वऱ्हाडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटजवळील अडगाव येथे भोसल्यांचा पराभव झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात वऱ्हाडचा मोठा मुलूख गेला, तरी गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले. तिसऱ्या युद्धानंतर मात्र दोन्ही किल्ले त्यांच्या हातून गेले. कारभाराचे महत्त्व संपताच माथ्यावरची वस्तीही ओसरली.

वास्तुरचना

शहानूरकडून चढताना एकामागून एक दरवाजे लागतात. शहानूर दरवाजावर व्याघ्रसदृश पशूंची शिल्पे आहेत. सर्वांत देखणा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. पांढरट वालुकाश्मात बांधलेल्या या दरवाजावर कमळे, कोरीव अक्षरांचा शिलालेख, नक्षीदार कंगणी आणि दोन्ही बाजूंस पुढे आलेले सज्जे आहेत. सज्ज्यांच्या दगडी जाळ्यांत प्रत्येक चौकटीची नक्षी वेगळी आहे. शिलालेखात बहमनी सुलतान महमूदशहाच्या राजवटीचा उल्लेख असून वऱ्हाडातील मुसलमानी स्थापत्याचा हा उत्कृष्ट नमुना मानला जातो.

माथ्यावर राणीमहाल, त्यालगतची मशीद, अंबर बंगला, गजशाळा व नऊगजी तोफ पाहावयास मिळते.

पाणीव्यवस्था

डोंगरमाथ्यावर नदी नाही. त्यामुळे येथील जीवन सर्वस्वी पावसाचे पाणी साठविण्यावर अवलंबून होते. जुन्या नोंदींनुसार किल्ल्यावर बावीस तलाव व टाकी होती आणि त्यांपैकी सहांतच बारमाही पाणी राहत असे. शक्कर तलाव त्यांत प्रमुख आहे. दगडी छत असलेल्या काही टाक्यांना लोक तेला-तुपाची टाकी म्हणतात. तथापि त्यांची रचना पाणी साठविण्यास अनुरूप आहे. छतामुळे बाष्पीभवन कमी होते आणि पालापाचोळा आत पडत नाही.

शक्कर तलावाच्या काठी बुऱ्हाणुद्दीन यांचा दर्गा आहे. वाघावर बसणारे म्हणून ते ‘बाघसवार’ या नावाने ओळखले जातात. पिसाळलेले कुत्रे चावल्यास या स्थानाचा गुण येतो, अशी जुनी लोकश्रद्धा आहे. वैद्यकीय दृष्ट्या मात्र अशा वेळी जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन तत्काळ रेबीजची लस घेणे हाच उपाय आहे.

सद्यःस्थिती

किल्ल्याभोवतीचा परिसर १९९७ मध्ये नरनाळा अभयारण्य म्हणून घोषित झाला. सुमारे १२ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जंगलाच्या संरक्षणामुळे किल्ल्यावर नवी बांधकामे झाली नाहीत. पण त्याच जंगलाची मुळे तटबंदीचे सांधे उकलतात. झाड काढावे तर वनसंरक्षणाचा प्रश्न, राहू द्यावे तर भिंत ढासळते, असा येथील जतनाचा मूळ पेच आहे.

भेट

अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किलोमीटर आहे. अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूरला जाता येते. प्रवेशासाठी शहानूर येथे वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. मुक्कामास माथ्यावर सोय नाही. पावसाळ्यानंतर ते हिवाळ्याच्या अखेरपर्यंतचा काळ अनुकूल असतो. पिण्याचे पाणी सोबत नेणे आवश्यक आहे.