स्पूलवर राहिलेलं गाणं

आमच्या मॉरिसव्हिलहून तीनेक तासांवर, व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला, सप्टेंबर १९६५ मध्ये कार्लटन हेनीने पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला. तोही घोड्यांच्या फार्मवर! ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिनचं इथलं गावरान संगीत. शेवटच्या दिवशी बिल मन्रोसोबत त्याचे जुने साथीदार एकेक करून मंचावर आले. तीन मिनिटांच्या तबकडीत हे मावणार कसं? असे कार्यक्रम जपले ते रसिकांच्या टेपरेकॉर्डरनी. राल्फ रिंझलरने संकलित केलेली मन्रोची १९५६ ते १९६९ ची अशी ध्वनिमुद्रणं १९९३ मध्ये प्रकाशित झाली.

आपला सवाई गंधर्व महोत्सव तर १९५३ पासूनचा. मंडळी, तुमच्या माळ्यावर एखाद्या मैफलीचं स्पूल असेल, तर आजच संगणकावर उतरवून घ्या. फितीवरचा लेप सुटतो, आणि त्या रात्रीची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसते.