वर्षाचं गाणं कोणी निवडलं?

1957 साली ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’ आणि ‘नया दौर’ हे तिन्ही चित्रपट एकाच वर्षात आले. बिनाका गीतमालेच्या त्या वर्षीच्या वार्षिक यादीत पहिल्या पायदानावर मात्र ‘जनम जनम के फेरे’मधलं गाणं बसलं. संगीत एस. एन. त्रिपाठींचं, शब्द भरत व्यासांचे, आवाज रफी आणि लताचे. जुन्या गाण्यांच्या दर्दी मंडळींत हा दाखला निघाला की हमखास दोन तट पडतात. लोकांना हेच आवडत होतं, आपण कोण नाक मुरडणार, असं एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो, यादीत काळंबेरं असणार. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ‘लोक’ नावाची कोणी एक ठाम वस्तू होती आणि यादीने ती बरोबर किंवा चूक मोजली. गीतमालेचा इतिहास पाहिला तर हे गृहीतकच टिकत नाही. मतं मोजायची रीत बदलली, की मतदारही बदलत गेले.

मुळात हा कार्यक्रम कोलंबोहून का ऐकावा लागला, इथून सुरुवात करायला हवी. 1952 मध्ये नभोवाणी खातं बा. वि. केसकर या मराठी माणसाकडे आलं. शास्त्रीय संगीताचे ते कडवे अभिमानी. चित्रपटगीतांना आकाशवाणीवर कात्री लागली आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात ठरली. निर्मात्यांशी तंटा झाला, गाणी आणखी आटली. ती पोकळी रेडिओ सिलोनने भरली. युद्धकाळातलं दमदार लघुलहरी प्रक्षेपण यंत्र त्यांच्याकडे होतंच, 1950 पासून व्यापारी सेवाही होती. 3 डिसेंबर 1952 रोजी गीतमाला सुरू झाली. खर्च सीबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टचा, आवाज अमीन सयानींचा. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि फिती कोलंबोला जायच्या. पुढे बुधवारी रात्री आठ म्हणजे गीतमाला, हे समीकरणच झालं.

सुरुवातीला यात मतदान नव्हतंच, कोडं होतं. अर्ध्या तासात सात गाणी वाजायची. श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, ज्याचा जुळेल त्याला शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याची पत्रं पासष्ट हजारांवर गेली, असं सयानी सांगत. एवढी पत्रं फोडून तपासणं अशक्य झालं. 1954 च्या अखेरीस बक्षीस गेलं, कार्यक्रम तासाचा झाला आणि लोकप्रियतेची उतरंड सुरू झाली. ही उतरंड लावायची कशावरून? आधार घेतला गेला तो शहरोशहरीच्या दुकानांतल्या तबकड्यांच्या खपाचा. पत्र लिहायला अक्षरओळख आणि टपालापुरते पैसे पुरत. तबकडीच्या मतदाराकडे मात्र ग्रामोफोन हवा, म्हणजे घर खातंपितं किंवा हॉटेल चालतं हवं. शिवाय 78 फेऱ्यांच्या तबकडीला दोन बाजू. खप वाढला तो कोणत्या बाजूच्या गाण्यामुळे, हे गल्ल्यावरच्या माणसाला कुठून कळणार? दुकानात माल संपला की गाणंही ‘उतरलं’. ही उणीव भरून काढायला गावोगावच्या श्रोता संघांची पसंती मोजणीत आली. संघ चालवणारी बहुतेक हौशी पोरं, अनेकदा लहान गावांतली. झुमरी तलैया हे अभ्रकाच्या व्यापाराचं गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झालं, ते याच हौसेच्या जोरावर. ग्रामोफोन नसलेल्याला इथे मत मिळालं. पण ज्याच्या गावात संघ नाही त्याचं मत पुन्हा हुकलं.

वार्षिक यादीत आणखी एक खोच होती. वर्षभरातल्या साप्ताहिक क्रमांकांच्या बेरजेतून वर्षाचा क्रम निघे. चार आठवडे डोक्यावर घेतलेलं गाणं मागे पडे आणि महिनोन्महिने मधल्या पायदानांवर चिवटपणे बसलेलं पुढे सरके. जानेवारीत आलेल्या गाण्याला बारा महिन्यांची मुदत, दिवाळीत आलेल्याला जेमतेम दोन. त्यामुळे वर्षाच्या ‘सर्वोत्तम’ गाण्याचा खरा गुण बऱ्याचदा टिकाऊपणा हाच असे. 1957 चं कोडंही मला या अंगाने कमी गूढ वाटतं. ‘प्यासा’चा चाहता उत्कट असेल, पण उत्कटतेला जादा गुण नव्हते.

यावर पहिला आक्षेप लबाडीचा. तबकड्या घाऊक विकत घ्यायच्या, संघांना फितवायचं, अशा कुजबुजी चित्रपटसृष्टीत होत्याच, आणि दडपणं येत हे सयानींनीही लपवलं नाही. पण क्रमांक विकत घ्यावासा वाटतो तो लोक त्यावर विश्वास ठेवतात म्हणूनच, आणि एका खिशातून दोन वेगळ्या मोजण्या वळवणं एकीपेक्षा महाग पडतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अभिरुची डोकी मोजून ठरते का? केसकरांचं उत्तर स्पष्ट नकाराचं होतं, आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. त्यांच्याच कारकिर्दीत, 1 एप्रिल 1955 पासून, पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ वर्षभर दर आठवड्याला प्रसारित केलं. तिथे ना मत, ना पायदान, तरी महाराष्ट्र रेडिओला कान लावून बसला. श्रोत्याला न विचारताही श्रोत्याचं भलं होऊ शकतं, याचा याहून चांगला दाखला मला सुचत नाही. मात्र बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ देणाऱ्या प्रेक्षकाला नाट्यगृहात जो हक्क होता, तो रेडिओसमोरच्या माणसाला केसकरांनी दिला नाही. सिलोनने दिला, टूथपेस्ट विकण्यासाठी का होईना. आकाशवाणीलाही वळावं लागलं. 1957 मध्ये विविध भारती आली आणि 1967 मध्ये तिच्यावर मुंबई, पुणे, नागपूरहून जाहिरातीही सुरू झाल्या.

गीतमाला स्वतः विविध भारतीवर आली ती 1989 मध्ये, आणि 1994 मध्ये थांबली. तोवर गाणं कॅसेटवर गेलं होतं आणि फुटपाथवर नकली कॅसेटींचे ढीग लागत होते. ग्रामोफोन परवडत नसलेला माणूस आता गाणं विकत घेऊ लागला होता, पण त्याच्या खरेदीची नोंद कोणत्याच दुकानाच्या वहीत होत नव्हती.