कार्टं आणि कार्टून



मराठीत 'कार्टं' आणि 'कार्टून' हे दोन शब्द इतके जवळ राहतात की एकाच घरातले वाटावेत. खरं तर त्यांचं काही नातं नाही. कार्टून हा शब्द जाड कागदाच्या इटालियन नावावरून आला आणि कार्टं आपलं, आईच्या तोंडातलं. पण मस्कतमध्ये वीसेक वर्षं संसार केल्यावर माझं ठाम मत झालंय की परदेशातल्या मराठी घरात या दोघांनी एकमेकांना वाढवलं. आखातातल्या आपल्या लोकांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात नोकऱ्या, रियालचा भाव, मंडळाचे गणपती हे सगळं येईल. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या एका मुलाचं नाव बहुधा राहून जाईल. ते राहू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं मागे जाऊ या. घरातला खोडकर मुलगा, त्रासलेले आईबाप आणि रोजची एक फजिती, या साच्याचा एक मोठा पूर्वज अमेरिकेत जन्मला. हँक केचम नावाचा चित्रकार कॅलिफोर्नियात राहायचा. १९५० साली त्याच्या चार वर्षांच्या मुलाने, डेनिसने, दुपारी झोपायचं सोडून खोलीचा पार उकिरडा केला. बायको वैतागून केचमला म्हणाली की तुझा मुलगा म्हणजे एक संकट आहे. ('तुझा मुलगा' हा शब्दप्रयोग जगात सगळीकडे सारखाच दिसतो!) त्या वाक्यातून 'डेनिस द मेनेस' सुचला आणि १२ मार्च १९५१ला तो १६ वर्तमानपत्रांतून सुरू झाला. चित्रातल्या आईबापांची नावंसुद्धा घरचीच, हेन्री आणि ॲलिस. शेजारी कटकट करायला मिस्टर विल्सन. या केचमची पुढची गोष्ट शेवटी सांगतो, ती महत्त्वाची आहे.

आपल्याकडे हा मुलगा चाळीस वर्षांनी आला. २१ नोव्हेंबर १९९१ला 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू सुरू झाला. तीन-चार चौकटी, मोजक्या रेषा. एक मुलगा, त्याचे आईवडील, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही गँग आणि जोशीकाकू. विषय म्हणाल तर अभ्यास, क्रिकेट, टीव्ही, खाणं आणि कामं टाळणं. त्याच्याकडे कसली जादू नाही, शक्ती नाही. शेवटच्या चौकटीत कुणाची तरी फजिती, बऱ्याचदा बापाची.

आता ओमानकडे वळू. १९७०मध्ये सुलतान काबूस गादीवर आले आणि देशाची उभारणी सुरू झाली, तेव्हापासून इथे आपली माणसं मोठ्या संख्येने यायला लागली. त्याआधीचे भारतीय म्हणजे मुख्यतः कच्छी व्यापारी, पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९७४च्या नोव्हेंबरात ओमानचं टीव्ही केंद्र सुरू झालं, १९७५मध्ये इंडियन स्कूल मस्कत निघालं. म्हणजे कुटुंब घेऊन राहता येईल अशी सोय झाली. मी आलो १९९४मध्ये, मुलगा झाला १९९८मध्ये. त्याच्या शाळेत इंग्रजी होतं, हिंदी होतं. मराठी फक्त घरात आणि मंडळाच्या कार्यक्रमात.

इथेच खरी गोम आहे. मंडळाच्या कार्यक्रमातली मराठी म्हणजे नाट्यछटा, श्लोक, पोवाडा. मुलं पाठ करून खणखणीत म्हणायची, टाळ्या पडायच्या. पण त्या मराठीत भांडता येत नाही हो! "मी नाही पाडलं, ते आपोआप पडलं" हे वाक्य कुठल्या पोवाड्यात मिळणार? बहाणे करणं, लाडीगोडी लावणं, चिडवणं, आईला गुंडाळणं, ही भाषा मुलाला गल्लीत मिळते. आमच्या रुवीतल्या गल्लीत मल्याळम, उर्दू, बंगाली, अरबी सगळं होतं, मराठी गल्ली नव्हती. ती गल्ली आमच्या घरी चिंटूच्या पुस्तकांतून आली. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि चिंटूचं एखादं पुस्तक, असा आमचा ठरलेला आहेर असायचा.

पुढे इंटरनेट आलं. जुन्या मंडळींना आठवत असेल, तेव्हा प्रत्येक मराठी दैनिकाच्या साइटचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर अग्रलेखाच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. चिंटू मात्र चित्र म्हणून यायचा, त्यामुळे त्यातली मराठी अक्षरं धडधाकट दिसायची. डायल-अपवर वरून खाली हळूहळू उतरायचा, पडद्याआडून डोकावल्यासारखा. आमच्या घरातल्या संगणकावर न अडखळता वाचता आलेलं पहिलं मराठी म्हणजे चिंटूच्या डोक्यावरचे फुगे.

गंमत म्हणजे त्यातलं निम्मं जग मुलाला ठाऊकच नव्हतं. उदाहरणार्थ रविवार. ओमानमध्ये तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची (शुक्रवार-शनिवार झाली ती १ मे २०१३पासून). चिंटू रविवारी लोळत पडायचा आणि आमचा चिरंजीव रविवारी सकाळी सहाला बसची वाट बघत उभा. त्याची अशी पक्की समजूत झाली होती की चिंटू शाळा बुडवतो आणि त्याच्या आईला ते चालतं! पावसाचंही तेच. पाऊस म्हणजे शाळेला सुट्टी, हे गणित त्याला कळेना, कारण इथे पाऊस वर्षातून चार-दोन दिवस. आणि दिवे जाणं? मस्कतमध्ये वीज सहसा जात नाही. त्यामुळे महाराष्ट्रात दिवे परत आल्यावर अख्खी सोसायटी एका सुरात "आऽऽले!" ओरडते, हे त्याला प्रात्यक्षिक करून दाखवावं लागलं.

ते प्रात्यक्षिक जून २००७मध्ये कामी आलं. ६ जूनला गोनू चक्रीवादळ मस्कतवर आलं. कोरड्या वाद्यांतून नदीसारखं पाणी वाहिलं, रस्ते उखडले, पन्नासच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडे वीज गेली, मग नळही कोरडे पडले. नऊ वर्षांचा मुलगा, मेणबत्ती, बादल्या मोजणारी बायको आणि बाल्कनीतून खाली आपल्या गाडीचं काय झालं ते बघणारा मी. काही दिवसांनी दिवे आले तेव्हा आमच्या फ्लॅटमधून पहिला आवाज निघाला तो "आऽऽले!" वरच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब धावत खाली आलं, कोण आलं ते बघायला. चिंटूच्या चौथ्या चौकटीत शोभेल असा प्रसंग. हसणं तर आलंच, पण त्या आठवड्यात आम्ही तिघं हसलो ते तेवढंच.

या काळात आखातात दुसरा एक कार्टूनपुत्र येऊन गेला, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतली 'द सिम्पसन्स' ही १९८९पासूनची मालिका एमबीसी या अरबी वाहिनीने २००५च्या रमझानमध्ये अरबीत आणली. नाव ठेवलं 'आल शमशून'. बाप होमर झाला उमर, आई मार्ज झाली मोना आणि कार्टा बार्ट झाला बद्र. बापाला आवाज दिला मोहम्मद हेनेदी या लोकप्रिय इजिप्शियन विनोदी नटाने. बिअरच्या जागी सरबतासारखं पेय आलं, दारूचा गुत्ता गाळला, गोड डोनटच्या जागी ईदचं 'कहक' आलं. ५२ भाग दाखवायचे ठरले होते, ३४वर गाडी थांबली.

का बरं? धर्माने, रिवाजाने घातलेल्या मर्यादा वाहिनीला पाळाव्या लागणार, त्यात वावगं काही नाही. पण त्या घराचा सगळा विनोद बापाच्या आळसावर, खादाडपणावर आणि गुत्त्यावर उभा होता. तो पुसून टाकल्यावर उरलं काय, तर पिवळ्या रंगाचं एक सभ्य कुटुंब. माझ्या ऑफिसातल्या ओमानी सहकाऱ्यांची तक्रारही साधारण अशीच होती की हे घर ना अमेरिकेतलं वाटतं, ना आमचं. पुढच्याच वर्षी, २००६च्या रमझानमध्ये, दुबईच्या मोहम्मद सईद हारिबने 'फ्रीज' ही मालिका आणली. 'फ्रीज' म्हणजे मोहल्ला. चार इमाराती म्हाताऱ्या आणि त्यांच्या मोहल्ल्यातल्या उचापती. ती आखातात धो धो चालली, आणि तेच सहकारी ऑफिसात तिचे संवाद म्हणून दाखवायला लागले. फजिती उसनी आणता येत नाही, ती आपल्याच घरची लागते.

आता कुणी म्हणेल, मग शिनचॅनचं काय? रास्त प्रश्न! योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९०मध्ये काढलेला हा पाच वर्षांचा चावट मुलगा २००६मध्ये हंगामा वाहिनीवर हिंदीतून भारतात आला आणि डिश लावलेल्या आमच्या मस्कतच्या घरातही शिरला. जपानी असूनही तो सगळ्या पोरांना आपला वाटला. कारण त्याच्या घराला कुणी फार सोवळं नेसवलं नाही. हिरोशीची नोकरीची दगदग, मिसाएची काटकसर आणि आरडाओरडा, सगळं शाबूत. उलट तो इतका शाबूत होता की पालकांच्या तक्रारी गेल्या, २००८मध्ये सरकारने तो थांबवला आणि नंतर काटछाट होऊन परत आला. आमच्याकडे त्याचा परिणाम निराळाच झाला. मुलगा आईला चिंटूच्या मराठीत आणि मला शिनचॅनच्या हिंदीत उत्तरं द्यायला लागला. बायकोने हिंदी उलट उत्तरांवर बंदी घातली. मराठीतल्या उलट उत्तरांना मात्र मुभा होती, आणि याच नियमामुळे त्याची मराठी टिकली असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भाषा नुसत्या आदराने टिकत नाही, थोडा उद्धटपणाही लागतो.

असो. आता केचमकडे परत येतो.

त्याच्या बायकोचा, ॲलिसचा, १९५९मध्ये मृत्यू झाला. केचम मुलाला घेऊन जिनिव्हाला गेला. म्हणजे तोही आपल्यासारखाच परदेशी झाला आणि स्वित्झर्लंडमध्ये बसून वर्षानुवर्षं अमेरिकेतलं ते घर, ते अंगण, तो शेजारी काढत राहिला. खरा डेनिस तिथे रुळला नाही. त्याला अमेरिकेत वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं. पुढे तो व्हिएतनामच्या युद्धात गेला. बापलेकांत फारसं बोलणं उरलं नाही. २००१मध्ये केचम वारला. चित्रातला डेनिस तेव्हाही पाच वर्षांचाच होता आणि बापाच्या पायात घुटमळत होता.

मी हे वाचलं तेव्हा मुलगा बारावीला होता. आखातातल्या बहुतेक घरांत बारावी म्हणजे उलटी मोजणी. पुढचं शिक्षण भारतात नाहीतर आणखी कुठे. वडिलांच्या व्हिसावर राहण्यालाही वयाची अट असतेच. २०१६मध्ये तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. ज्या पुण्यातून चिंटू आमच्याकडे यायचा, त्याच पुण्याला आम्ही आमचा मुलगा दिला. बॅग भरताना बायकोने मेतकूट घातलं (पुण्याला मेतकूट!) आणि मी काही बोललो नाही. चिंटूची पुस्तकं मात्र तो इथेच ठेवून गेला.

आईबापांना चित्रातला मुलगा का लागतो, ते मला केचममुळे कळलं. तो मोठा होत नाही, त्याचा व्हिसा संपत नाही, त्याच्या घराला कुलूप लागत नाही. पण त्याच्याशी जुळवून घेण्यात खऱ्या मुलाचा फोन चुकता कामा नये. आमचा फोन रोज रात्री ओमानच्या साडेनऊला व्हायचा, तिकडे अकरा वाजलेले असायचे. पहिल्या वर्षी तो फार बोलायचा नाही. जेवलास का, हो. अभ्यास, चालू आहे. मग एकदा त्याने सांगितलं की होस्टेलवर दिवे गेले होते, आणि परत आले तेव्हा अख्खी इमारत ओरडली. "बाबा, तुम्ही म्हणायचात ना, अगदी तस्संच," म्हणाला. त्यानंतर अर्धा तास मेसची भाजी, रेक्टरची नक्कल, मित्राची सायकल, एकेक फजिती. सगळं मराठीत, चुरचुरीत, मध्ये मध्ये उद्धट.

आता तो नोकरीला लागलाय, स्वतःचं कमावतोय. २०१२मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी चिंटूवर सिनेमा काढला, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्यात आईबाप आहेत. तो त्याने गेल्या सुट्टीत आम्हाला पुन्हा लावून दाखवला. बापाचं काम बघताना माझ्याकडे बघून हसत होता. का, ते मी विचारलं नाही.

तर मंडळी, माझी एक विनंती. सोहार, सलाला, निझवा, जिथे कुठे असाल तिथून लिहा. तुमच्या घरात हा मुलगा कोण होता? चिंटू, डेनिस, शिनचॅन, की आणखी कुणी? आणि त्याच्याकडून तुमच्या पोरांनी कुठलं वाक्य उचललं? मंडळाच्या स्मरणिकेत गणपतीचे फोटो असतातच, या वाक्यांची नोंद कुठेच नाही. ती पोरं मोठी होऊन पांगायच्या आत लिहून ठेवू या.

आपला,
एक जुना मस्कतकर